जडभरताचे घर



श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात जडभरताचे आख्यान आहे. त्यातील राजा रहूगणाच्या पालखीचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याआधीच्या ज्या भागावरून आपण घाईने पुढे जातो, तिकडे आज लक्ष द्यावयाचे आहे. भरताला जग जड, म्हणजे मतिमंद, समजत असे. पिता होता तोवर त्याने या पुत्रास मायेने वाढविले, शिकविण्याची खटपट केली. पित्यामागे माताही गेली आणि भरत सावत्र भावांच्या हाती आला. त्यांनी त्याला शेतावर राबविले. कोंडा, करपलेला भात, जे उरेल ते त्याच्यापुढे टाकले. 'तुला काय हवे?' असे त्याला कोणीही विचारले नाही.

'आमच्या पश्चात याचे कसे होणार?' हे भय आजही कित्येक मातापित्यांना झोपू देत नाही. आपल्या बेगम बाजारात दुकानाची वाटणी होते, तेव्हा गाळा कोणाचा, माडी कोणाची, उधारी कोणी वसूल करावयाची, हे सारे कागदावर येते. ज्या भावाला हिशेब कळत नाही त्याने कोठे राहावे, हे मात्र बहुधा राहूनच जाते. 'भाऊ सांभाळतील' एवढ्यावर आपण थांबतो. भाऊ सज्जन असतीलही. पण सज्जनांनाही वार्धक्य आहे, आजार आहेत, संसाराच्या अडचणी आहेत.

कोणी म्हणतात, अशा अपत्यास घरीच ठेवणे हा धर्म, संस्थेत ठेवणे हे पाप. कोणी म्हणतात, संस्थेत पोहोचविले की कर्तव्य संपले. दोन्ही मते एकांगी होत. स्वतःच्या घरात अवहेलना असू शकते, परक्या छपराखाली माया असू शकते. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग बालकांना आपले नाव दिले. अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृह सोडावे लागते, या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षे झगडले. वय वाढले म्हणून लेकराचे घर हिरावले जाऊ नये, हा त्यांचा आग्रह. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बदलापुरास तर पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' हे प्रौढ मतिमंदांचे निवासस्थान उभारले.

मग निवड कोणाची? २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नसावी, घरी वा निवासस्थानी साहाय्य मिळावे, असे शासनाचे कर्तव्य सांगितले आहे. म्हणजे निवड त्याची, साहाय्य आपले. ज्याला बोलता येत नाही त्यालाही विचारता येते. नव्या जागी चार दिवस सोबत राहावे. त्याची भूक, झोप, नजर हीच त्याची भाषा. आपल्या जुळ्या शहरात मनोविकासनगर येथे १९८४ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आहे. तेथील जाणकारांचा सल्ला घ्यावा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्थानिक समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. हे सारे आपले हातपाय चालतात तोवरच करावे.

कोणी शंका घेईल की, भरत तर गुप्त ज्ञानी होता. आमचे लेकरू तसे कोठे आहे? श्रोतेहो, भावांना तरी ते कोठे ठाऊक होते? त्याला चांगले अन्न व आदर देणे हे त्यांचे कर्तव्य त्याच्या ज्ञानावर अवलंबून नव्हते. सर्वांभूती भगवंत आहे, एवढे कारण पुरेसे होते.

रहूगण पालखीत बसला होता तोवर त्याला भरतामध्ये केवळ एक अनाडी भोई दिसला. वास्तविक पायाखाली जीव चिरडू नये म्हणून भरत जपून पावले टाकीत होता आणि त्यामुळे पालखी हिंदकळत होती. भरताचे बोलणे ऐकताच राजा खाली उतरला आणि नम्र होऊन विचारता झाला. आपल्या घरी, आपल्या गल्लीत असा कोणी असेल, तर आपणही पालखीतून उतरावे, त्याच्याजवळ बसावे आणि भरताच्या भावांनी जे कधी विचारले नाही, ते विचारावे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.