घट्ट म्हणजे किती घट्ट?

चि. मुग्धास,


जुनी का होईना, होंडा सिटी घेतलीस आणि आल्या आल्या चारही टायर नवे घातलेस, हे फार बरं केलंस. पण फोनवर तू सहज म्हणालीस, "मामा, दुकानातल्या मुलाने गनने नट असे आवळलेत की आता बघायलाच नको." ते ऐकल्यापासून मला काळजी लागली आहे. पुढच्या महिन्यात तू ताम्हिणी घाटातून माणगावला उतरणार आहेस. त्याआधी हे पत्र नीट वाच आणि त्याप्रमाणे कर.

चाक चार स्टडवर, म्हणजे नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर, अडकवलेलं असतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. नट आवळला की स्टड अगदी किंचित ताणला जातो, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. ताणलेला स्टड पुन्हा आखडायला बघतो आणि त्या ओढीने चाक हबवर, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागावर, दाबून धरतो. या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, त्याच्या बळावर गाडीचं वजन, ब्रेकचा झटका आणि वळणाचा रेटा पेलला जातो. नट ढिला राहिला की दाब कमी पडतो, चाक हबवर जरा जरा सरकत राहतं, स्टडला आडवे हिसके बसतात आणि शेवटी तो तुटतो. उलट प्रमाणाबाहेर आवळला, तर स्टड इतका ताणला जातो की मूळ लांबीवर परत येतच नाही. वरून नट घट्ट दिसतो, पण आतला स्टड थकलेला असतो. शिवाय आटे मरतात, ब्रेकच्या डिस्कवर वेडावाकडा दाब येतो आणि पुढे ब्रेक दाबला की पेडल थरथरू लागतं. जास्त आवळलं म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज म्हणूनच साफ चुकीचा आहे.

किती आवळायचं, म्हणजे नटाला किती टॉर्क (पिळाचा जोर) द्यायचा, ते गाडी बनवणारी कंपनी ठरवून देते. तुझ्या गाडीला 108 न्यूटन-मीटर. पान्याची लांबी 30 सेंटिमीटर धरली, तर टोकाशी सुमारे 37 किलोचा जोर दिला की हा आकडा येतो. रस्त्यावर लोक पान्यावर पाय देऊन उभे राहतात ते तू पाहिलंच असशील. 70 किलोचा माणूस असा उभा राहिला की नटावर 200 च्या वर टॉर्क जातो, म्हणजे हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट. गनचंही तेच. ट्रिगर दाबून नट थांबेपर्यंत फिरवत राहिलं तर तो कुठे जाऊन बसला ते कुणालाच कळत नाही. आणि पुढे घाटात टायर पंक्चर झाला, तर डिकीतल्या छोट्या पान्याने तो नट तुझ्याच्याने हलणार नाही. मला खरी धास्ती याची आहे.

तेव्हा एक टॉर्क रेंच विकत घे. अर्धा इंची, 'कट्' असा आवाज करणारा साधा रेंच पुरे, आणि त्याच्यासोबत 19 चा सॉकेट. काही रेंचवर न्यूटन-मीटरशेजारी फूट-पाउंडाच्या खुणाही असतात, तिथे फसू नकोस. 108 हा आकडा चुकून फूट-पाउंडात लावलास तर प्रत्यक्षात 146 न्यूटन-मीटर होतील. 'कट्' आवाज एकदा आला की हात थांबव. खात्री म्हणून आणखी एक झटका द्यायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्यातच अंदाज बिघडतो. रेंच पेटीत ठेवताना आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेव, नाहीतर आतली स्प्रिंग कायम दबलेली राहते. नट सोडवायला हा रेंच वापरू नकोस, त्याला साधा पाना आहे.

आता तुझ्या चाकांचं. गनने आवळलेल्या नटांना नुसता रेंच लावून काही कळणार नाही. नट 180 वर बसलेला असला तरी 108 ला रेंच 'कट्' म्हणणारच, आणि तुला वाटेल सगळं ठीक आहे. म्हणून प्रत्येक चाक एकदा उतरवावं लागेल. सपाट जागा बघ, हँडब्रेक लाव, उतरवायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड दे. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल कर, मग जॅक लाव. चाक निघालं की हबचा सपाट भाग बघ. गाडी आधी अलिबागला होती म्हणालीस, म्हणजे तिथे गंजाचे पापुद्रे सापडतीलच. तारेच्या ब्रशने घासून हब लखलखीत कर, चाकाची आतली बाजूही घास. मध्ये गंजाची खपली राहिली की ती चार दिवसांत चुरगळते आणि बरोबर आवळलेला नटसुद्धा ढिला पडतो. आट्यांवरची धूळ कापडाने पूस, पण तेल किंवा ग्रीस लावू नकोस. आपण लावलेल्या जोरातला जवळपास नव्वद टक्के जोर घर्षणातच जातो. आटे तेलकट झाले की तोच 108 चा आकडा स्टडला कितीतरी जास्त ताणतो.

नट आधी बोटांनी फिरवून बसव. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागलाय, सोडून पुन्हा लाव. मग समोरासमोरचे असे आलटून पालटून थोडे थोडे आवळत जा, जॅक खाली घे आणि चाक जमिनीला टेकल्यावर रेंचने त्याच क्रमाने 108 ला आण.

आणखी एक गोष्ट, आणि ती रेंचइतकीच महत्त्वाची आहे. आधीच्या मालकाने बाजारातले अॅलॉय बसवलेत ना? होंडाच्या मूळ नटांचं बूड गोलाकार असतं, चेंडूच्या पृष्ठभागासारखं. बाजारातल्या बहुतेक अॅलॉयना निमुळत्या, शंकूच्या आकाराच्या बुडाचे नट लागतात. चुकीचा नट लावला तर तो खाचेत एखाद्या कडेवरच टेकतो, टॉर्क बरोबर दाखवतो आणि काही अंतर गेल्यावर सुटू शकतो. एक नट काढून त्याचं बूड आणि चाकातली खाच शेजारी धरून बघ. स्टेपनी मात्र कंपनीचीच लोखंडी आहे, तिला गोल बुडाचेच नट हवेत. ते चार नट वेगळे घेऊन डिकीत ठेव. दुकानदाराकडून सरमिसळ डब्यातले नट घेऊ नकोस. मारुतीचा नटही 12 मिलिमीटरचाच असतो, पण त्याचे आटे 1.25 चे आणि तुझे 1.5 चे. दोन फेरे फिरून तो अडकतो, आणि गनवाला तो तसाच जोराने घुसवतो.

हे सगळं झालं की 80-100 किलोमीटर गाडी चालव आणि चाकं थंड असताना सोळाही नट पुन्हा रेंचने तपास. एखादा नट फिरला तर घाबरू नकोस, 108 पर्यंत आण आणि आणखी तेवढ्याच अंतराने पुन्हा बघ. तोच नट दुसऱ्यांदाही फिरला, किंवा नटाभोवती गंजाचा ओघळ दिसला, तर मात्र गाडी घाटात न्यायची नाही. स्टड आणि नट दोन्ही बदलून घे आणि मगच माणगावला नीघ. आई-बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा