पुढे गुन्हा कोण करील?

जासई गावी एका घरचा पाण्याचा पंप रात्रीतून नाहीसा झाला. कोणी चौकशी करण्यापूर्वीच पुष्कळांची बोटे गावाबाहेर पाले ठोकून राहिलेल्या लोकांकडे वळली. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही मन तिकडेच गेले. आठ दिवसांनी कळले की, जुगाराच्या कर्जात बुडालेल्या घरच्याच एका तरुणाने तो पंप विकला होता. तेव्हापासून आम्ही स्वतःस विचारीत आहो की, पुढे गुन्हा कोण करील हे मनुष्यास आधी सांगता येते काय?

एके काळी सरकारास तसे सांगता येते असे वाटत होते. गुन्हेगार जमातींचा कायदा इ. स. १८७१ साली झाला व १९११ साली तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. पारधी, कैकाडी इत्यादि जातींच्या लोकांस जन्मावरूनच संशयित ठरवून त्यांची हजेरी घेत. कित्येकांस सोलापुरास तारेच्या कुंपणाआड ठेवीत. हा कायदा मुंबई प्रांतात १९४९ साली व सर्व देशात १९५२ साली रद्द झाला. त्यातील दोष हा की, ज्यावर नजर तोच सापडे. जो सापडे त्यास कोणी काम देत नसे. आणि पोट भरण्यास त्याने हात लांबविला म्हणजे भाकीत खरे ठरले असे लोक म्हणत.

वाचकहो, गुन्ह्याची कारणे एक का आहेत? कर्ज, दारू, संगत, दुष्काळ, उघडे राहिलेले दार! एकाच घरचे दोन भाऊ सारखेच उपाशी असता एक चोरी करितो व दुसरा मजुरीस जातो. शिवाय, जी फिर्याद होते तीच पोलिसांच्या वहीत चढते. कायदाही बदलतो, १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याने कालचे व्यसन आजचा गुन्हा झाले. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी आमच्या ह्याच भागात आंदोलन झाले व पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. शेतात राबणारी माणसे अशी रस्त्यावर येतील, हे कोणत्या वहीवरून कळले असते?

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने पोलिसांस यंत्रबुद्धीचे साहाय्य व्हावे म्हणून ‘मार्वल’ नावाची संस्था काढली. यंत्र उपयोगी पडेल. परंतु ज्या यंत्रास जुन्या वह्या वाचावयास दिल्या, ते त्यांतील जुना आकसही शिकेल, हे विसरू नये.

मग सावध राहू नये काय? अवश्य राहावे. अंधाऱ्या वाटेवर दिवा लावावा, दारास कुलूप घालावे. जागेविषयी व वेळेविषयी अंदाज बांधता येतो; मनुष्याविषयी मात्र निकाल देता येत नाही, कारण तो बिघडतो तसा सुधारतोही. आम्ही पालांकडे क्षमा मागावयास गेलो, तेव्हा ते लोक दुसऱ्या गावी निघून गेले होते. म्हणून बोट दाखविण्यापूर्वीच थांबावे, हे बरे.