पाझर

नागपूरच्या धंतोलीत एक जुनं बैठं घर होतं. पुढे व्हरांडा, मागे अंगण, अंगणात एक गावरान आंबा आणि मोगऱ्याच्या दोन कुंड्या. आजूबाजूचे बंगले एकेक करून दवाखाने झाले होते. हे घर तेवढं घरच राहिलं होतं. त्याच्या कंपाउंडच्या सावलीत दुपारी पेशंटचे नातेवाईक डबे उघडून बसत. कोणी गडचिरोलीकडचे, कोणी बैतूल-छिंदवाड्याकडचे.

घरात दोघंच राहत, आजोबा आणि आजी. आजोबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. त्यांना निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. २०२२ साली रेल्वेनं ‘गार्ड’ हे नावच बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण गल्ली त्यांना गार्डसाहेबच म्हणत राहिली.

मुलगा अमेरिकेत सॅन होजेला होता, मुलगी बंगळूरला. दर उन्हाळ्यात घर भरायचं. मे महिन्यात मुलगी पोरांना घेऊन यायची, जून लागला की मुलगा यायचा. मधल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या पडायच्या आणि कूलरसमोरच्या जागेवरून रोज रात्री भांडणं व्हायची. २०१३ साली मे महिन्याच्या २३ तारखेला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या रात्री सगळे एकाच कूलरपुढे ओळीनं आडवे झाले होते, आणि गार्डसाहेब कुशीवर वळायलाही जागा नसताना गाढ झोपले होते.

एका वर्षी मात्र कोणीच येणार नव्हतं. मुलीच्या सासूबाईंचं ऑपरेशन होतं. सुनेला नवी नोकरी लागली होती, तिला रजा नव्हती. दोघांनीही आपापल्या परीनं वाईट वाटून घेतलं आणि दोघांनीही म्हटलं, “पुढच्या वर्षी नक्की.”

गार्डसाहेबांनी फोन ठेवला आणि मनाशी ठरवून टाकलं, की यंदा आठवण म्हणून काढायची नाही. ते शिस्तीचे होते. त्यांनी मधल्या खोलीला कडी घातली, नातवंडांचे फोटो कपाटात ठेवले. मुलाचा व्हिडिओ कॉल दर रविवारी सकाळी सात वाजता यायचा. तिकडे तेव्हा शनिवारचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असत. गार्डसाहेब नेमके पावणेसातला चपला घालून फिरायला निघू लागले. रामकृष्ण मठापर्यंत जायचे, तिथून पुढे उगाच आणखी एक चक्कर मारायचे, आणि आठ वाजल्याशिवाय परतायचे नाहीत. आल्यावर आजी सांगायची, “फोन आला होता. नात विचारत होती, आबा कुठे गेले.”

“फिरायला गेलो होतो, सांगायचं.”

“सांगितलं ना.”

आजीनं काहीच ठरवलं नव्हतं. तिचा उन्हाळा दरवर्षीसारखाच चालला होता, फक्त मापं लहान झाली होती. कुरडयांचा गहू तिनं चार किलोऐवजी एक किलोच भिजवला. सरगुंड्यांच्या काड्या काढल्या आणि दोघांपुरते सरगुंडे वळले. सकाळी ऊन चढायच्या आत कामं उरकून ती खिडक्या लावून घ्यायची आणि कूलरच्या ताटीवर पाणी सोडायची. वाळ्याचा वास घरभर पसरला की ती जमिनीवर पाठ टेकायची आणि म्हणायची, “किती शांत आहे न आज!” बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. (नागपूरच्या उन्हाला नावं ठेवणारे बहुतेक दुपारी घराबाहेर पडणारे असतात. आत राहणाऱ्याला त्या दुपारसारखी निवांत गोष्ट नाही.) संध्याकाळी ती अंगणात पाणी शिंपडायची, मोगऱ्याच्या कळ्या ओंजळीत घेऊन यायची आणि गच्चीवर सतरंजी टाकायची. रात्री अजनीकडून येणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत दोघं पडून राहायची.

आणि मध्येच, आंब्याची पोळी ताटात पसरता पसरता, तिचे डोळे भरून यायचे. ते तिनं कधी लपवलं नाही आणि कधी सांगितलंही नाही. पदरानं पुसायची आणि पोळी उन्हात ठेवायला जायची.

गार्डसाहेबांना हे कळेना. त्यांना शांतता आवडत नव्हती आणि रडूही येत नव्हतं. जेवण बेचव लागायचं. आमरसाची वाटी ते अर्धी टाकून उठायचे. एका दुपारी ते चिडून म्हणाले, “तुला पोरांची आठवण येत नाही का गं?”

“येते ना,” आजी म्हणाली. “आताच आली होती.” आणि तिनं पन्ह्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

घराच्या व्हरांड्यात तिवईवर एक माठ होता. होळीनंतर आणलेला, लाल मातीचा. त्याचं अंग सदा ओलं असायचं. खालून थेंब थेंब पाणी ठिबकायचं. आजी तिवईखाली एक जुनी परात ठेवायची आणि संध्याकाळी ते पाणी तुळशीला घालायची. गार्डसाहेब रिकामे होते, आणि रिकाम्या माणसाला गळती फार लवकर दिसते. एक दिवस कोणाचा तरी पाय लागून परात सरकली, व्हरांड्यात थारोळं झालं आणि गार्डसाहेबांचा पाय घसरता घसरता राहिला.

“हा माठ फुटका आहे,” ते म्हणाले.

“फुटका नाही, पाझरतो.”

“एकच ते.”

दुसऱ्या दिवशी आजी भजनाला गेली. फाटकाला दिलेला हिरवा ऑइल पेंट अर्धा डबा उरला होता. गार्डसाहेबांनी माठ रिकामा केला, उन्हात खडखडीत वाळवला आणि बाहेरून रंगाचा एक हात दिला. तो वाळल्यावर दुसरा दिला. तिसऱ्या दिवशी माठ भरून तिवईवर ठेवला. थेंबसुद्धा गळला नाही. परात कोरडी. गार्डसाहेबांना उन्हाळ्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

आजीनं माठ पाहिला. म्हणाली, “रंग छान बसला आहे,” आणि स्वयंपाकघरात गेली.

दुपारी कंपाउंडपाशी बसलेला एक माणूस पाणी मागायला आला. तो रोज यायचा, त्याची बायको समोरच्या दवाखान्यात होती. गार्डसाहेबांनी स्वतः गडू भरून दिला. त्यानं एक घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला आणि उरलेलं पाणी हळूच तुळशीत ओतलं. “माठ बदलला का, बाबा?” त्यानं अदबीनं विचारलं. दुसऱ्याच्या दारात उभा असलेला माणूस याहून जास्त बोलत नाही.

गार्डसाहेबांनी पाणी पिऊन पाहिलं. पाणी कोमट होतं. वर रंगाचा वासही येत होता.

त्या संध्याकाळी ते माठ रिक्षात घालून, ज्या बाईकडून घेतला होता तिच्याकडे गेले. रस्त्याच्या कडेला माठ मांडून ती बसली होती. “तुझा माठ पाणी गार करत नाही,” त्यांनी सुनावलं.

बाईनं माठ फिरवून पाहिला. “याले रंग कोनं देल्ला?”

“मी दिला. सारखा पाझरत होता.”

ती हसायला लागली. “पाझरत होता म्हनून तं गार होत होतं ना बाप्पा! माठाले घाम आला पाह्यजे. त्याचा घामच बंद केला तुम्ही, मंग पानी गार कसं होईन?” मग तिनं दुसरा माठ उचलला, बोटाच्या पेरानं टणटण वाजवून दाखवला आणि त्यांच्या हातात दिला. जुना माठ तिनं ठेवून घेतला. “यात झाड लावता येते,” म्हणाली.

घरी येऊन गार्डसाहेबांनी आजीला सगळं सांगितलं, जणू काही नवीनच कळलं होतं. आजी नवा माठ पाण्यात भिजवत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुमची छागल काय कोरडी असायची?”

गार्डसाहेब एकदम गप्प झाले.

छागल म्हणजे जाड किंतानाची पाण्याची पिशवी. तेव्हा ड्यूटीवर निघताना ती हवीच. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात ते एकटे बसत, एका बाजूला त्यांची पेटी, दुसऱ्या बाजूला हिरवा आणि लाल झेंडा, आणि बाहेर कठड्याला टांगलेली छागल. आमल्यापर्यंत, कधी इटारसीपर्यंत जायचं असे. मे महिन्यात डब्याचा पत्रा हात लावू देत नसे. गाडी सुटली की वारा छागलीला लागायचा. तिचं कापड सतत ओलं असायचं, पाणी झिरपायचं, वारा ते उडवून न्यायचा आणि जाता जाता आतली उष्णताही घेऊन जायचा. जेवढी हवा कोरडी, तेवढं पाणी गार. मुंबईच्या दमट हवेत माठाला हे फारसं साधत नाही. विदर्भाच्या उन्हात साधतं, कारण इथली हवाच तहानलेली असते. तापल्या डब्यात बसून गार्डसाहेब त्या छागलीतलं पाणी प्यायचे आणि त्यांना घर आठवायचं. एवढं पाणी प्यायले, पण तिच्या ओल्या कापडाकडे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं.

“तुम्ही तीन-तीन दिवस यायचे नाही,” आजी सांगू लागली. “घरी फोन नव्हता. तुम्ही आमल्याच्या रनिंग रूममध्ये झोपले असाल की गाडी कुठे सायडिंगला उभी असेल, मला काय माहीत! पोरं झोपली की मी अंगणात बसायची. आठवण यायची. मी तिला ये म्हणायची नाही आणि जा पण म्हणायची नाही. ती बसायची, मी मोगरा ओवायची.”

“आणि मी आल्यावर?”

“आल्यावर तुम्हाला माठातलं पाणी द्यायची.”

गार्डसाहेबांच्या लक्षात आलं, की जन्मभर जाणारे तेच होते. मागे राहायचं कसं, हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. आजीला ते चाळीस वर्षांपासून येत होतं.

माठाची गोष्ट एवढीच आहे. दूर गेलेल्या माणसांची आठवण आपल्याला गळतीसारखी वाटते, आणि घर कोरडं राहावं म्हणून आपण तिच्यावर रंगाचे हात देतो. मग फोटो कपाटात जातात, खोलीला कडी लागते. गळणं थांबतं खरं, पण त्याबरोबर आमरसाची चवही जाते आणि दुपारची शांतताही अंगावर येते. आजीची दुपार निवांत होती, ती आठवण येत असूनही नव्हे. येत होती म्हणूनच.

रात्री गार्डसाहेबांनी मधल्या खोलीची कडी काढली. आतली हवा कोंडलेली होती. त्यांनी खिडकी उघडली, फोटो जागच्या जागी लावले आणि पलंगाखालची जुनी काळी पेटी बाहेर ओढली. वर्दीचा कोट, शिट्टी, विटलेला हिरवा झेंडा आणि तळाशी घडी घातलेली छागल. कापड कडक झालं होतं. त्यांनी ती बादलीत बुडवून ठेवली.

रविवारी सकाळी पावणेसातला त्यांच्या चपला दाराशीच होत्या. आजीनं त्या पाहिल्या आणि काही बोलली नाही. सातला फोन वाजला. पडद्यावर नातीचा चेहरा आला, मागे खिडकीत संध्याकाळचा उजेड होता.

“आबा! आज तू फिरायला नाही गेलास?”

गार्डसाहेबांना उत्तर द्यायचं होतं, पण घसा भरून आला. नात पडद्याच्या अगदी जवळ आली.

“आबा, तुला रडू येतंय का?”

“हो गं,” ते म्हणाले. “येतंय थोडं.” त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. “थांब, तुला एक गंमत दाखवतो.”

फोन हातात घेऊन ते व्हरांड्यात आले. कठड्याच्या खिळ्याला छागल टांगली होती, पाण्यानं टम्म फुगलेली. तिच्या कोपऱ्यातून एकेक थेंब फरशीवर पडत होता.

“आबा, ते लीक होतंय!” नात ओरडली.

“होऊ दे,” गार्डसाहेब म्हणाले, आणि आजीला त्यांनी परात आणायला सांगितली.