हात हवा, मनुष्य नको?

एखाद्या मनुष्याच्या हातचे काम घ्यावे, त्याच्या कौशल्याने आपला मान वाढवावा, आणि चहाच्या वेळी मात्र त्यास दाराबाहेर बसवावे, हा न्याय होय काय? हा प्रश्न पूर्वी पुणे शहरात एका क्रिकेटच्या मैदानावर उभा राहिला होता.

पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली चर्मकार कुळात झाला. तरुणपणी ते पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर नोकरीस होते. मैदान झाडावे, रूळ फिरवावा, जाळी बांधावी, आणि साहेब लोकांच्या सरावासाठी चेंडू टाकीत राहावे, हे त्यांचे काम. बॅट हाती घेण्याची संधी क्वचितच मिळे. तथापि याच चाकरीत त्यांचा डावा हात असा तयार झाला की, नामांकित फलंदाज त्यापुढे गोंधळून जात.

पुण्यातील हिंदू खेळाडूंस युरोपियनांवर जय मिळवावयाचा होता. म्हणून त्यांनी बाळूंस संघात घेतले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे इतरांस आत चिनी मातीच्या पेल्यांत चहा मिळे, आणि बाळूंस बाहेर, साध्या मातीच्या भांड्यात. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास मात्र होता!

१९११ साली ते हिंदी संघाबरोबर इंग्लंडास गेले व तेथे त्यांनी ११४ बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे नायकपद त्यांस दिले गेले नाही. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल नायक झाले, आणि त्या वर्षी संघ विजयी झाला.

कोणी म्हणेल, अखेर गुणांनीच भेद जिंकला. आम्हांस हे पुरते पटत नाही. एका पेल्यासाठी ज्यास इतके बळी घ्यावे लागतात, त्याच्या शेजारच्या सामान्य मनुष्याने काय करावे? मान हे गुणांचे बक्षीस नव्हे. तो मनुष्यपणाचा हक्क होय.

१९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. तथापि हा लेख लिहिताना आम्ही आमच्याच घरातील मांडणी पाहिली. भांडी घासणाऱ्या बाईंचा कप तेथे निराळा, कोपऱ्यात ठेवलेला होता. तो कोणी व केव्हा निराळा केला, हे घरात कोणासही सांगता येईना. आम्ही तो इतर कपांत मिसळून टाकला. पण इतकी वर्षे तो आमच्या दृष्टीस पडला नाही, याची लाज राहिली.

वाचकहो, आपणही आपली मांडणी एकदा पाहावी.