नाव देणे आणि नावे ठेवणे

एखाद्याला ओळखायला त्याची किती माहिती पुरते? शाळाप्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. त्याचे एक उत्तर मला फुटणाऱ्या ताऱ्यांकडून मिळाले.

खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कुरुंदवाडचा, बालपण हुबळीत. म्हणजे आपल्यासारखेच दोन भाषांच्या शेजारात वाढलेले. अमेरिकेतील पालोमार वेधशाळेत त्यांच्या पुढाकाराने २०१८ पासून आकाश पुन्हा पुन्हा टिपले जाऊ लागले. रात्रीगणिक नवे ठिपके उमटतात. त्यांतला अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा, कोणता आणि कोणत्या जातीचा, हे ठरवायला त्याच्या प्रकाशाचा वर्णपट घ्यावा लागतो. या कामासाठी तिथल्या ६० इंची दुर्बिणीवर बसवलेले यंत्र मुद्दामच ढोबळ ठेवले आहे. फुटलेल्या ताऱ्याचे द्रव्य सेकंदाला सुमारे १०,००० किलोमीटर वेगाने उधळते, त्यामुळे वर्णपटातल्या रेषा पसरून रुंद होतात. त्या पाहायला बारीक नजर लागत नाही. हायड्रोजनची खूण दिसली तर तारा दुसऱ्या वर्गातला. ती नसून सिलिकॉनची खाच असेल, तर तो पहिल्या वर्गाचा ‘ए’ प्रकार. याच प्रकारावरून १९९८ मध्ये कळले की विश्वाचे प्रसरण वाढत्या वेगाने होत आहे. शिवाय प्रकाश मुळातच तुटपुंजा. फार बारीक वाटणी केली तर कोणाच्याच पदरात काही पडत नाही. नासाच्या रोमन अवकाश दुर्बिणीतही यासाठी असाच ढोबळ वर्णपट देणारा लोलक आहे.

तेव्हा झटपट निवाडा म्हणजे अन्यायच, असे मला वाटत नाही. तारा काही आठवड्यांत मंदावतो, थांबून चालत नाही. आणि हा निवाडा शेवटचाही नसतो. मोठ्या दुर्बिणीने पुढे कोणाकडे पाहायचे, एवढेच त्यावरून ठरते.

मी मात्र चुकलो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घरातला मुलगा सहावीत आला. हिंदी निबंधात त्याने ‘मेरा आवाज’ लिहिले होते, अशा आणखी पाच-सहा चुका. दोन मिनिटांत मी ‘कच्चा’ असा शेरा मारून त्याला मागच्या तुकडीत बसवले. दोन वर्षांनी त्याची आजी भेटायला आली. म्हणाली, “सर, घरी तो मला रोज मराठी पुस्तकं वाचून दाखवतो, न अडखळता. मग तो कच्चा कसा?”

खाच मी बरोबर वाचली होती. पण ती त्याच्या घरच्या भाषेची होती. आणि इथे घाई तरी कसली होती? मुलगा रोज सकाळी प्रार्थनेला माझ्यासमोरच उभा असे.

त्याला वरच्या तुकडीत घ्यायचे ठरवले, तेव्हा तो आठवीत होता. मित्र सोडून यायला तो तयार झाला नाही.