बंधाला दिशा असते

१८७७ साली हेर्मान कोल्बे या नावाजलेल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एका तरुण डच माणसाची छापून टर उडवली. हा तरुण उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय शाळेत शिकवत होता आणि अणू अवकाशात कसे मांडलेले असतात यावर त्याने एक पुस्तिका लिहिली होती. याने शाळेच्या तबेल्यातूनच पंखांचा घोडा उसना घेतलेला दिसतो, अशा अर्थाचे कोल्बेने लिहिले. तरुणाचे नाव याकोबस व्हान्ट हॉफ. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यालाच मिळाले, अर्थात दुसऱ्या कामासाठी. कोल्बे तोवर वारला होता.

कोल्बेला हसून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याचा आक्षेप अगदीच वेडगळ नव्हता. अणू कुणी पाहिलेला नसताना तो रेणूत कुठे बसतो हे सांगणे म्हणजे हवेतल्या गप्पाच. तरीही हा प्रश्न टाळता येत नव्हता, कारण नुसत्या मोजदादीने हिशेब जुळेना. १८२०च्या दशकात व्होलर आणि लिबिग यांनी चांदीचा एकेक क्षार तपासला. दोन्हींत चांदी, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन त्याच प्रमाणात; पण लिबिगचा क्षार धक्का लागताच फुटणारा आणि व्होलरचा शांत. कुणाचे तरी पृथक्करण चुकले असणार, असेच आधी वाटले. कुणाचेच चुकले नव्हते. १८३० साली बर्झेलियसने या प्रकाराला नाव दिले; आपल्या दहावीच्या पुस्तकात ते समघटकता म्हणून येते. घटक तेच, संख्या तीच, तरी पदार्थ निराळे.

पुढे १८५२ मध्ये फ्रँकलंडने संयुजेची कल्पना मांडली, १८५८ मध्ये केकुलेने कार्बनला चार हात दिले. आता कोण कुणाला जोडलेला आहे हे कागदावर काढता येऊ लागले. मात्र कागद सपाट असतो, आणि रेणूही सपाटच असावा असा कुणी दावा केला नसला तरी डोळ्याला तशी सवय लागली.

व्हान्ट हॉफने १८७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ही सवय मोडली. त्याच वर्षी ल बेल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानेही स्वतंत्रपणे तेच सांगितले. या तर्काचे सर्वांत सोपे उदाहरण वहीच्या पानावर करून पाहण्याजोगे आहे. एक चौरस काढा. मध्ये कार्बन, चार कोपऱ्यांवर दोन क्लोरीन आणि दोन हायड्रोजन. क्लोरीन शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर बसवता येतात किंवा समोरासमोरच्या. म्हणजे डायक्लोरोमिथेन दोन प्रकारचे मिळायला हवे. मिळते एकच. आता चौरसाऐवजी चार त्रिकोणी पृष्ठांचा चतुष्फलक घ्या. त्याचे कोणतेही दोन कोपरे शेजारीच असतात, त्यामुळे मांडणी एकच उरते. उपकरण नाही, समीकरण नाही. एका न सापडलेल्या पदार्थावरून कार्बनचा आकार ठरला. व्हान्ट हॉफ पुठ्ठ्याचे चतुष्फलक करून ओळखीच्या शास्त्रज्ञांना पाठवत असे. १९११ मध्ये तो गेला. दोनच वर्षांनी ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी हिऱ्याची रचना उलगडली, तेव्हा प्रत्येक कार्बनभोवती चार कार्बन नेमके चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर दिसले.

इथपर्यंत बंध म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हते, ही यातली खरी गंमत. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतली जाते, हे लुईसने मांडले १९१६ मध्ये. पॉलिंगने एस आणि पी कक्षकांचे संकरण करून चार सारखे बंध मिळवले १९३१ मध्ये. इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींपासून होता होईल तेवढ्या लांब राहतात, हा वर्गात सर्वांत उपयोगी पडणारा नियम गिलेस्पी आणि नायहोम यांनी मांडला तो तर १९५७ मध्ये. पाण्याचा १०४.५ अंशांचा कोन त्याने चटकन समजतो.

अकरावीच्या मुलांना विचारा, मिथेनचा कोन १०९.५ अंश का? ‘एसपी-थ्री हायब्रिडायझेशन आहे म्हणून,’ असे उत्तर येईल. परीक्षेत त्याला गुणही मिळतील. माझ्या मते हे उत्तर डोक्यावर उभे आहे. चतुष्फलक ५७ वर्षे आधीपासून माहीत होता. संकरणाचे गणित त्याला जुळेल असे बसवले गेले. आपण शेवटी आलेले उत्तर आधी सांगतो आणि मूळ प्रश्न सांगतच नाही.

शिंदखेडा तालुक्यात तर ‘घटक तेच, तरी पदार्थ निराळे का’ हा प्रश्न खरिपात शेतात उभा असतो. एका वावरात कापूस, शेजारी मका. स्वच्छ कापसात ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज, मक्याच्या सुक्या दाण्यात साधारण ७० टक्के स्टार्च. दोन्ही ग्लुकोजच्याच लांब साखळ्या. एका ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनपासून पुढच्याच्या चौथ्या कार्बनपर्यंत ऑक्सिजनचा सांधा, तोही दोन्हींत. (स्टार्चला फांद्याही असतात, ते तूर्त सोडा.) फरक एवढाच की पहिल्या कार्बनवर हा सांधा स्टार्चमध्ये एका अंगाला असतो, सेल्युलोजमध्ये दुसऱ्या. तेवढ्याने स्टार्चची साखळी गोल जिन्यासारखी वळत जाते. सेल्युलोजची सरळ राहते, शेजारच्या साखळीला हायड्रोजन बंधांनी बिलगते आणि धागा होतो.

टिंक्चर आयोडीनचा थेंब मक्याच्या पिठावर टाकला की निळाकाळा डाग पडतो, कारण आयोडीन त्या जिन्याच्या पोकळीत शिरते. बोंडातल्या कापसावर तोच थेंब पिवळट तपकिरीच राहतो. नव्या कोऱ्या कापडावर मात्र हा प्रयोग करू नका: त्याला बहुधा स्टार्चची खळ असते आणि कापूसच निळा झाल्यासारखा वाटतो.

दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा मोठा कारखाना आहे. स्टार्चचे विकर घालून लिक्विड ग्लुकोज करता येते, कारण त्या विकराचा खाचा त्या दिशेच्या सांध्यावर बसतो. आपल्या लाळेतले विकरही तसेच. म्हणून भाकरी चावता चावता गोड लागते. कापसाच्या सांध्याला यांतले कुणीच हात लावत नाही. गाय सरकीच्या ढेपेसोबत कडबाही पचवते, ती पोटातल्या जंतूंच्या जिवावर. मक्यापासून इथेनॉल सहज होते आणि पऱ्हाटीपासून करायला इतका खटाटोप पडतो, त्यात लिग्निनचा अडसर आहेच, पण मोठा वाटा या सरळ, घट्ट बिलगलेल्या साखळ्यांचा आहे.

तेव्हा तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांना एक विनंती. रासायनिक बंधाच्या धड्याचा पहिला तास फळ्यावर कक्षक न काढता घ्या. मुलांना चौरस आणि पुठ्ठ्याचा चतुष्फलक द्या, डायक्लोरोमिथेन एकच का मिळते ते त्यांनाच शोधू द्या. संकरण दुसऱ्या आठवड्यात आले तरी अभ्यासक्रम पूर्ण होतो.