पाऊस त्याचा, बांध आपला

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे क्षेत्र. याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव असल्याची परंपरा आहे. औंढ्याच्या देवळाविषयी या भागात एक आख्यायिका लहानथोरांच्या तोंडी आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनात रंगले असता त्यांना तेथून उठवण्यात आले व मागील बाजूस जाण्यास सांगण्यात आले. नामदेव भांडले नाहीत. ते देवळाच्या पाठीमागे गेले आणि खंडित झालेले भजन त्यांनी तेथे पुढे सुरू केले. तेव्हा देऊळच फिरले व त्याचे तोंड नामदेवांकडे झाले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची पदे समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदात जातीमुळे देवळातून उठवले गेल्याचा, घोंगडी घेऊन मागे जाऊन बसल्याचा आणि देऊळ फिरल्याचा उल्लेख आहे. विशेष म्हणजे, त्याच पदात नामदेवांनी आपल्या जन्माविषयी देवाजवळ तक्रारही केली आहे.

कॅथोलिक त्रैमासिकातील लेखाचा आरंभ या आख्यायिकेने व्हावा याचे कुणास नवल वाटू नये. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट केले आहे. शिवाय, ज्या प्रश्नाचा विचार मला येथे करावयाचा आहे तो या कथेत नेमका उभा आहे. देवाला शरण जाणे म्हणजे काय? नामदेव मागे गेले, ही शरणागती होती की माघार? आणि त्यांनी ती मुकाट्याने पत्करली म्हणून त्यांना उठवणाऱ्यांचे कृत्य योग्य ठरते काय?

‘देवाची इच्छा’ हे शब्द आपल्या कुटुंबांत किती सहज उच्चारले जातात! वृद्ध आजी सर्व संस्कार स्वीकारून शांतपणे प्रभूकडे गेली, तेव्हा आपण ते म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु ताप आलेले मूल चार दिवस घरीच ठेवले व दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला, तरी आपण तेच शब्द वापरतो. नवरा दारू पिऊन हात उचलतो, सून मुकाट सोसते, तेव्हा शेजारीण तिला तेच सांगते. सलग दोन हंगाम हातचे गेले, सावकाराचा तगादा लागला, घरातला कर्ता माणूस कुणाशी बोलेनासा झाला. त्याही वेळी भेटीस येणारे तेच बोलून निघून जातात. इतक्या वेगवेगळ्या प्रसंगांना एकच वाक्य पुरत असेल, तर त्या वाक्याच्या अर्थाकडे आपण नीट पाहिलेले नाही, असेच म्हणावे लागेल.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या वेळी ‘हा देवाचा कोप’ असे म्हणणारे सर्वच धर्मांत निघाले. धरणीकंप माणसाच्या हाती नव्हता हे खरे. पण मातीच्या चिखलात रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड छते कोसळून बहुतेकांचे प्राण गेले, हेही तितकेच खरे. भूकंपाचा धक्का सोसतील अशी घरे कशी बांधावीत हे माणसाला ठाऊक होते. गरिबाच्या गावापर्यंत ते ज्ञान पोहोचले नव्हते. जे आपले कर्तव्य होते त्याचा भार देवावर टाकणे याला शरणागती म्हणत नाहीत. तो देवावर घेतलेला आळ आहे.

मग खरी शरणागती कोणती? तिचा धडा आपल्याला गेथशेमनी बागेत मिळतो. प्रभू येशूने त्या रात्री दुःखाचा प्याला आनंदाने मागून घेतला नाही. तो आपल्यापासून दूर व्हावा अशी विनवणी त्याने पुन्हा पुन्हा केली. त्याला भय वाटले, घाम फुटला, मित्रांनी जागे राहावे असे वाटले. त्यानंतर त्याने आपली इच्छा पित्याच्या हाती दिली. शुभवर्तमानात एक गोष्ट सतत दिसते, ती आपण विसरतो. आपल्याकडे आलेल्या एकाही आंधळ्याला, कुष्ठरोग्याला वा पक्षाघाती माणसाला ‘ही पित्याची इच्छा आहे, सोसत राहा’ असे सांगून येशूने परत पाठवले नाही. त्याने त्यांना बरे केले, तेही शब्बाथ दिवशी, लोकांचा रोष ओढवून घेऊन. त्याचा क्रूस याच सेवेच्या वाटेवर त्याला भेटला. तो पित्याला शरण गेला. पिलाताला नव्हे, हेरोदाला नव्हे, लोकांच्या आरडाओरड्यालाही नव्हे. अन्नासपुढे गालावर चपराक बसली तेव्हा ती का मारली, असे त्याने शांतपणे विचारले. देवाला शरण गेलेला माणूस अन्यायाला न्याय म्हणत नाही.

पवित्र मरियेचेही तसेच. देवदूताच्या निरोपाला होकार देताना तिने आधी प्रश्न विचारला. होकार दिल्यानंतर ती घरात स्वस्थ बसली नाही. लगबगीने डोंगराळ प्रदेशात गेली आणि वृद्धापकाळी गरोदर राहिलेल्या अलिशिबेजवळ सुमारे तीन महिने राहिली. होकार आणि सेवा यांच्यामध्ये तिने दिवस घालवले नाहीत.

आपल्या शेजारच्या गोव्याने या मार्गाचा एक थोर पथिक जगाला दिला. संत जोसेफ वाझ यांनी ५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळ येथे एक पत्र लिहून स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते. दहा वर्षांनी, १६८७ साली, ते मजुराच्या वेशात श्रीलंकेत उतरले. किनाऱ्यावरील डच सत्तेने तेथे कॅथोलिक उपासनेवर बंदी घातली होती. कँडीच्या राज्यात पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना अटक झाली. तुरुंगातही त्यांची प्रार्थना चालू राहिली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच माणसांना टाकून पळू लागले. तेव्हा फादर वाझ व फादर जोसेफ कार्व्हालो यांनी रोग्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना अन्नपाणी दिले, मेलेल्यांना मूठमाती दिली. धर्म कोणता, हे विचारले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीत निवर्तले. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. स्वतःला दास म्हणवून घेणारा हा माणूस ना सत्तेचा दास झाला, ना भयाचा. एकाच धन्याला वाहून घेतल्यामुळे बाकी साऱ्यांपासून तो मोकळा झाला होता. साथ ही देवाची इच्छा की नाही, या वादात त्यांनी वेळ दवडला नाही. त्या साथीत आपण काय करावे ही देवाची इच्छा, एवढे त्यांना स्वच्छ दिसत होते.

हे स्वच्छ दिसणे एका दिवसात येत नाही. त्यासाठीच दैनंदिन प्रार्थना आहे. १८४४ साली फ्रान्समधील व्हाल्स येथे काही तरुण येशूसंघीय विद्यार्थी अस्वस्थ झाले होते. भारतासारख्या दूरदेशी जाऊन प्रेषितकार्य करण्याची त्यांना ओढ लागली होती आणि पुस्तकांत घालवलेले दिवस त्यांना वाया गेल्यासारखे वाटत होते. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर गोत्रले यांनी त्यांना सांगितले की, आजचा अभ्यास, आजचे कष्ट, आजचा कंटाळा हेच प्रभूला वाहा. तेच तुमचे प्रेषितकार्य. त्यातून सकाळच्या समर्पणाची प्रार्थना जगभरच्या कॅथोलिक घरांत रुजली. तिचे मर्म साधे आहे. दिवस सुरू होण्यापूर्वीच तो आपल्या मालकीचा नाही हे मान्य करावयाचे. पुढे जे काम येईल ते करावयाचे, पण त्याच्या फळावर हक्क सांगावयाचा नाही.

दुपारच्या देवदूताच्या प्रार्थनेत हात क्षणभर थांबतात आणि मरियेचा होकार आपण आपल्या कामाच्या मध्यभागी आणतो. संध्याकाळी जपमाळेत तेच शब्द पुनःपुन्हा येतात. तरुणांना त्याचा कंटाळा येतो. पण जात्यावर दळताना दांडा फिरून त्याच जागी येतो, म्हणून पीठ पडावयाचे राहते काय? रात्रीच्या आत्मपरीक्षणात मात्र दिवसाचा खरा हिशेब होतो. आज मी देवाची इच्छा म्हणून जे स्वीकारले ते खरोखर अटळ होते, की मला उठावयाचे नव्हते? आणि आज मी सेवा म्हणून जे केले ते शेजाऱ्यासाठी होते, की माझ्या नावासाठी? शरणागती आणि आळस, सेवा आणि अहंकार बाहेरून सारखेच दिसतात. त्यांतील भेद देवासमोर रोज थोडा वेळ प्रामाणिकपणे बसल्याविना कळत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. शरणागती ही मनाला गोड वाटणारी भावना असेलच असे नाही. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की कित्येक वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवतच नव्हते. तरीही त्यांची प्रार्थना थांबली नाही आणि मरणोन्मुखांची सेवाही थांबली नाही. देव जाणवला नाही त्या दिवसांतही त्यांनी आपले हात त्याच्याच स्वाधीन ठेवले. याहून मोठे समर्पण कोणते?

आपण मराठवाड्याची माणसे. आपल्याला ही गोष्ट शेतावरून अधिक समजेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते आपण पाहिले. अशा वर्षी आपण पावसासाठी नोव्हेना करतो, मिस्सा अर्पण करतो, करावयासच हवे. परंतु शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात तेथे, फादर हर्मन बाखर या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी दुष्काळी गावांना आणखी एक गोष्ट शिकवली. पडलेला पाऊस अडवावयाचा कसा, ही ती गोष्ट. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर खणावयाचे, बांध घालावयाचे, झाडे लावावयाची. गावाने श्रमदान करावयाचे आणि चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावयाची. १९९३ साली त्यांच्या पुढाकाराने ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ स्थापन झाला आणि हे काम अनेक गावांत पसरले. फादर बाखर २०२१ साली देवाघरी गेले.

पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. बांध घालणे त्याच्या हाती आहे. बांध घातल्याने पाऊस येतोच असे नाही, म्हणून बांध घालणाऱ्यालाही आभाळाकडे पाहावे लागते. पण बांधच नसेल, तर देवाने दिलेला पाऊस आपल्याच शेताची माती घेऊन ओढ्याला जातो. जे आपल्या हाती नाही ते देवावर सोपवणे आणि जे आपल्या हाती आहे ते देवासाठी करणे, ही दोन्ही मिळून एक शरणागती होते. पहिले तेवढे घेतले तर दैववाद उरतो. दुसरे तेवढे घेतले तर आपणच कर्ते असल्याचा ताठा उरतो, आणि तो ताठा पहिल्याच अपयशात मोडून पडतो.

काही दुःखे सर्व प्रयत्न करूनही हटत नाहीत. असाध्य आजार, जन्मजात व्यंग, तरुण मुलाचा मृत्यू यांपुढे बांध घालता येत नाही. पौलाने आपल्या देहातील काट्याविषयी तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही, कृपा मिळाली. अशा वेळी ज्याचे दुःख आहे त्यानेच, आपल्या वेळेला, रडून आणि हवे तर देवाशी भांडूनसुद्धा, ते देवाच्या हाती द्यावयाचे असते. स्तोत्रसंहितेत अशी कितीतरी गाऱ्हाणी आहेत, आणि ख्रिस्तसभा आजही ती प्रार्थना म्हणून म्हणते.

यातूनच माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. समर्पण स्वतःचे करता येते, दुसऱ्याचे नाही. माझे दुःख मी देवाला वाहू शकतो. तुमचे दुःख तुम्ही वाहावे असा हुकूम मी करू शकत नाही. मार खाणाऱ्या स्त्रीला ‘आपला क्रूस वाहा’ असे सांगणारा, तो धर्मगुरू असो, सासू असो वा शेजारी, प्रभूच्या क्रुसाचा आधार घेऊन मारणाऱ्याचाच हात बळकट करतो. तिला आसरा देणे, मारणाऱ्याला अडवणे, लागल्यास कायद्याची मदत घेणे, हे त्या क्षणी आपल्या वाट्याचे समर्पण असते. कर्जात बुडालेल्या माणसाजवळ बसणे, त्याचे बोलणे ऐकणे, त्याच्याबरोबर बँकेत जाणे, हेही तेच.

नामदेव देवळाच्या मागे गेले, ते देवाला शरण होते म्हणून. जागा कोणतीही असो, आपले भजन खंडित होऊ नये एवढीच त्यांची आस होती, आणि मनातील सल त्यांनी देवापासून लपवला नाही. परंतु ज्यांनी त्यांना उठवले त्यांना त्या शरणागतीने निर्दोष ठरवले नाही. आख्यायिकेत देऊळ ज्या दिशेला फिरले तोच त्या प्रश्नाचा निवाडा आहे. प्रार्थनेला जमणाऱ्या प्रत्येक मंडळीने विचारावे, आपण आज कुणाला मागे बसवले आहे काय?

प्रिय धर्मबंधूंनो आणि भगिनींनो, आज रात्री जपमाळ संपल्यावर दिवा मालवण्यापूर्वी घरातील सर्वांनी मिळून दोन प्रश्नांवर मनन करावे. उद्या माझ्या हाती नसलेले असे काय आहे, जे मी निश्चिंतपणे पित्यावर सोपवतो? आणि उद्या माझ्या हाती असलेले असे काय आहे, जे मी कुणासाठी तरी करणार आहे? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एखाद्या माणसाचे नाव यावे. आजारी शेजारी, एकटी राहणारी म्हातारी, शाळा सोडलेले पोर, कुणीही. ते नाव घेऊन निजावे, आणि सकाळच्या समर्पणात तेच पुन्हा प्रभूसमोर ठेवून कामाला लागावे.